अंगाला सैल घुमट

चितेगाव, ता. पैठण
११ फेब्रुवारी २०२५

आत्या,

जय भीम. फोन केला की "काम असलं तर लिहून पाठव" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो. शाळा सुटल्यापासून एवढं लिहायची वेळ आली नव्हती, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

दिवाळीनंतर मी कंपनी सोडली हे तुझ्या कानावर आलंच असेल. घराशेजारी शेड टाकलं, वेल्डिंगचं मशीन घेतलं. आतापर्यंत खिडक्यांच्या ग्रिल झाल्या, कूलरचे स्टँड झाले आणि एका गोठ्याचं फाटक झालं. म्हैस दुसऱ्याच दिवशी त्यातून निघून गेली, पण त्यात फाटकाचा दोष नव्हता.

आता खरं काम सांगतो. आपल्या वस्तीचा विहार स्लॅबपर्यंत आलाय. स्लॅबवर कमरेएवढी गोल भिंत बांधलीय, दहा फूट रुंदीची, आणि तिच्यावर घुमट बसवायचाय. कमिटीचे अध्यक्ष काकासाहेब. एसटीत कंट्रोलर होते, अजूनही घरात माइकवर बोलल्यासारखे बोलतात. त्यांना कॅटलॉगमधला फायबरचा तयार घुमट मागवायचा होता, सोनेरी रंगाचा. बैठकीत माझ्या तोंडून निघून गेलं, "लोखंडाचा मी करतो." बायांनी टाळ्या वाजवल्या. मग ठरावच झाला. एप्रिल संपायच्या आत माझा घुमट जाग्यावर बसला तर माझा, नाहीतर फायबरचा. उद्घाटन बुद्ध पौर्णिमेला.

पत्र्याचे चोवीस तुकडे कापायचे, खाली रुंद आणि वर टोकदार, आणि जोडायचे, असा माझा विचार होता. आधी पुठ्ठ्याचं लहान करून बघितलं. घुमट झाला नाही, वाढदिवसाची टोपी झाली. नेमके काकासाहेब शेडवर आले आणि म्हणाले, "ह्यो घुमट हाय का आइस्क्रीमचा कोन?" हे वाक्य अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

आत्या, तू निम्म्या सोयगाव तालुक्याच्या पोरींना घेराचे फ्रॉक शिवलेस. सपाट कापडातून गोल कसं काढतात ते तुला माहीत. मला एका पाकळीचा आकार काढून दे. हा घुमट झाला नाही तर इथं मला दुसरं काम कोणी देणार नाही, आणि कंपनीच्या गेटवर पुन्हा रांगेत उभं राहायची माझी तयारी नाही.

तुझा,
संघपाल

ता.क. आत्याबाई, मी सुलेखा. ती टोपी डोक्यावर घालून ते तासभर शेडमध्ये बसले होते. मी फोटो काढून ठेवलाय.


फर्दापूर, ता. सोयगाव
२० फेब्रुवारी

संघपाल,

पत्र पोचलं, जय भीम. अक्षर वाईट आहे, पण तुझ्या बापापेक्षा बरं.

मी फोनवर माप घेत नाही हे इथं लहान पोरालाही माहीत आहे. फोनवर बाई आपली कंबर सांगत नाही, मनातली कंबर सांगते. मग ब्लाउज अडकला की शिवणारी वाईट. कागदावर लिहायला लावलं की माणूस जरा तरी खऱ्यावर येतं.

तुझी टोपी का झाली ते ऐक. तुझ्या पाकळीच्या कडा सरळ आहेत. सरळ कडेला सरळ कड जोडली की उतारही सरळच येणार. घुमटाला पोट असतं, तर पाकळीच्या कडेलाही पोट पाहिजे. घरातली जुनी छत्री उसव आणि तिचा एक तुकडा जमिनीवर पसरून बघ. कडा बाहेरच्या अंगाला फुगलेल्या दिसतील.

कुठं किती फुगवायचं ते माझ्या मनावर नाही, मापावर आहे. एक सळई घे, घुमटाचा जसा बाक पाहिजे तशी वाकव आणि मधे खांब रोवून त्याच्या शेंड्याला टेकव. सळईवर खालून वर वीत-वीत अंतरानं खुणा कर. मग प्रत्येक खुणेपासून आडवं खांबापर्यंत किती भरतं ते मोज आणि लिहून पाठव. एकदा मोजून थांबू नकोस, दोनदा मोज. आणि सुलेखाला टेप धरायला लाव, ती तुझ्यापेक्षा सरळ धरेल.

छत्री माझ्या जिवावर उसवू नकोस, नवी घेऊन देणार नाही.

तुझी आत्या,
मुक्ताबाई


चितेगाव
२८ फेब्रुवारी

आत्या,

तुझ्या सांगण्याप्रमाणे सळई वाकवली, खांब रोवला, मापं घेतली. वेगळ्या कागदावर लिहिलीत आणि खाली सहीसुद्धा केलीय. छत्री उसवली. तू म्हणालीस तसंच निघालं. मी एवढी वर्षं ती छत्री डोक्यावर धरून फिरलो आणि एकदाही वर बघितलं नाही, याचं मला नवल वाटलं.

मापं घेताना काकासाहेब आले. "डिझाइन कोणाचं हाय?" म्हणून विचारलं. मी म्हणालो, फर्दापूरच्या एम. हिवराळेंचं. त्यात खोटं काहीच नाही. तुझं नाव मुक्ता, आडनाव हिवराळे.

संघपाल

ता.क. आत्याबाई, त्यात खोटं नाही, पण काकासाहेबांनी वस्तीभर सांगितलंय की लेण्यांच्या दुरुस्तीवर काम केलेले कोणी हिवराळे साहेब आपल्या घुमटाचं डिझाइन करतायत. परवा ते आम्हाला विचारत होते, साहेबांना शाकाहारी जेवण लागतं का. ह्यांनी "व्हय" म्हणून सांगितलं. – सुलेखा


फर्दापूर
१४ मार्च

संघपाल,

हिवराळे साहेबांना सुकटाची चटणी लागते, हे काकासाहेबांना कळव.

तुझी मापं बघून मी अंगणात बसले. तू दिलेल्या एकेका अंतराएवढी दोरी घ्यायची, एक टोक खुंटीला, दुसऱ्याला खडू, आणि गोल मारायचा. मग त्या गोलावरून टेप फिरवून घेर मोजायचा आणि त्याचे चोवीस भाग करायचे. तेवढी त्या जागी पाकळीची रुंदी. खालच्या खुणेपासून शेंड्यापर्यंत सगळे गोल मारले तर अख्खं अंगण भरलं. लेणी बघायला आलेली चार माणसं फाटकातून आत आली आणि फोटो काढू लागली. एकानं विचारलं, हे कशाचं चित्र आहे? मी म्हणाले, ब्लाउजचं.

त्या रुंद्या मधल्या रेघेच्या दोन्ही अंगांना मांडून टोकं जोडली आणि पाकळी निघाली. जाड खाकी कागदावर कापून, दोन पदर चिकटवून, गुंडाळी करून पाठवतेय. बसचा कंडक्टर राजकुमार आपल्या ओळखीतला आहे, त्याच्याकडून स्टँडवर घे. वाटेत दुमडू नकोस.

कागद सगळं धरून कापलाय. तू फक्त पत्र्यावर ठेव, खडूनं उतरव आणि काप. डोकं लावू नकोस. आणि पाकळ्या आधी कच्च्या जोडून बघायच्या, मगच पक्क्या. आमच्यात कच्ची शिलाई म्हणतात, तुमच्यात काय म्हणत असतील ते म्हणा.

लग्नाचा हंगाम आहे. साहेबांना सव्वीस ब्लाउजना हुक लावायचेत, म्हणून इथंच थांबते.

आत्या


चितेगाव
३ एप्रिल

आत्या,

काम झालं. चोवीसच्या चोवीस पाकळ्या कापल्या, वाकवल्या आणि जोडल्या. आमच्यात त्याला टॅक मारणं म्हणतात, तेवढंच केलंय, पक्कं केलं नाही. घुमट शेडच्या बाहेर जमिनीवर उभा आहे. आत्या, खरोखर गोल आहे! रस्त्यावरून जाणारे लोक गाड्या हळू करून बघतात. मी दिवसातून दहा वेळा त्याच्याभोवती फिरतो.

अंगाला जरासा सैल वाटतोय, एवढंच. आणि वर शेंड्याला पाकळ्या मिळाल्या नाहीत, भोक राहिलंय. त्याचं बघू.

तुझे उपकार फेडणं होणार नाही.

संघपाल

ता.क. भोकावर सध्या आमची पीठ मळायची परात झाकलीय. आणि "जरासा" या शब्दावर विश्वास ठेवू नका. ते दोन दिवसांपासून टेप घेऊन त्याच्याकडे जातात आणि न मोजताच परत येतात. – सुलेखा


फर्दापूर
९ एप्रिल

संघपाल,

सैल म्हणजे किती? सैल हा गिऱ्हाईकाचा शब्द आहे, कारागिराचा नाही. गिऱ्हाईक "जरा सैल झालंय" म्हणतं तेव्हा त्यात दुसरं माणूस मावत असतं.

सुती असतं तर सांगितलं असतं, धुऊन बघ, आटेल. लोखंडाला धुऊन काय करणार?

मोज आणि आकडा लिही. परातीएवढं भोक कसं राहिलं ते मला कळेना. माझी पाकळी वर निमुळती होती.

आत्या


चितेगाव
१५ एप्रिल

आत्या,

आकडा लिहितो. आता लपवून उपयोग नाही, काल अख्ख्या वस्तीनं बघितलंय.

काल जयंती होती. निळे झेंडे लागले होते, बाहेरगावचे पाहुणे आले होते. काकासाहेब म्हणाले, लोक जमलेत तर घुमट आजच चढवून बघू. मी नको म्हणणार होतो, पण त्यांनी माइकवरच जाहीर केलं: "आता आपल्यासमोर, आपल्या वस्तीचे सुपुत्र..." हायड्रा क्रेन आली. घुमट उचलला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. हवेत लई देखणा दिसत होता. मग खाली सोडला. भिंतीवर टेकायला पाहिजे होता, तर टेकलाच नाही. भिंत आत घेऊन खाली-खाली जात राहिला आणि थेट स्लॅबला टेकला. भिंत दिसेनाशी झाली. विहारानं कानटोपी ओढून घेतल्यासारखं दिसलं.

कोणी हसलं नाही, आत्या, त्याचंच जास्त लागलं. फक्त एका पोरानं विचारलं, "मम्मी, भिंत कुठं गेली?" आणि काकासाहेब माइक बंद करायचा विसरले होते. "मला माहीत व्हतं," असं ते म्हणाले ते पार रस्त्यापर्यंत गेलं.

घुमट जवळजवळ दोन फूट मोठा आहे. जरासा नाही, दोन फूट. मी तुझा कागद जसा होता तसा वापरला. तू सांगितलंस, डोकं लावू नको, मी लावलं नाही. चूक कागदात आहे. मोठ्या माणसाला असं लिहू नये, पण माझं तोंड वस्तीत काळं झालंय आणि तुला लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

संघपाल


फर्दापूर
१८ एप्रिल

संघपाल,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला म्हणून आणि दुसऱ्यांदा बेरीज करायला.

कागदात चूक नाही. कागदात मार्जिन आहे. प्रत्येक पाकळीला एक इंच इकडून आणि एक इंच तिकडून शिलाईसाठी सोडलंय. "सगळं धरून कापलाय" असं मी लिहिलं होतं, ते दुसरं काय? मार्जिन सोडल्याशिवाय कापड कापणारी मी या वयात तरी होणार नाही. दोन तुकडे जोडताना ते आत दुमडतं आणि दिसत नाही. तू ते दुमडलंच नाहीस का? तुमच्यात कडेला कड लावून जोडतात हे मला कोण सांगणार होतं? जगात कडेला कड लावून शिवलेलं काही टिकतं हेच मला पहिल्यांदा कळतंय.

बरं, माझ्याकडून चूक झाली म्हण. पण मी अंगणात पुन्हा दोरी लावून बघितलं. माझ्या मार्जिननं घुमट सव्वा फूट वाढतो, दोन फूट नाही. उरलेलं कुठून आलं? आता ते तू लिही.

आत्या


चाकण, जि. पुणे
२२ एप्रिल

आत्या,

पत्ता बघून तुला कळलंच असेल.

उरलेलं माझ्याकडून आलं. पत्रा कापताना कड जळते, वेल्डिंगनंतर घासताना थोडी जाते, म्हणून मी प्रत्येक बाजूला अर्धा इंच जादा धरतो. नेहमीच धरतो, त्यात विचारायचं काय? तू काही सोडलं असशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आत्या-भाच्यानं एकमेकांना न सांगता एकाच पाकळीला दोनदा मार्जिन दिलं. तुझ्यावर ओरडलो, मला माफ कर.

इथं एका कंपनीत ओळखीनं लागलोय. खोलीत आम्ही सहाजण आहोत. सुलेखा फोन करते, मी उचलत नाही. काय बोलू? तिला लिहिलंय, घुमट भंगारवाल्याला दे आणि वेल्डिंगचं मशीन विकून टाक. काकासाहेबांनी फायबरचा खुशाल मागवावा. मी पौर्णिमेलाही येणार नाही. त्या सोनेरी घुमटाखाली बसून वर बघणं मला जमणार नाही.

मला वाटलं होतं, माझ्या हातचं काहीतरी गावात उभं राहील. राहिलं पण, शेडच्या बाहेर, परात झाकून.

संघपाल


चितेगाव, तुझ्याच घरातून
२७ एप्रिल

संघपाल,

हे पत्र ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिलंय. तो तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत समोर उभा राहील, तसं त्याला सांगितलंय.

तुझं पत्र आलं तशी मी निघाले. हातातले सहा ब्लाउज बिनहुकांचे राहिले. नवऱ्या मुली टाचण्या लावतील.

इथं आल्यावर आधी घुमट बघितला. चांगला केलायस. हे मी तोंडावर म्हणाले नसते, म्हणून लिहिते. मोठा झालाय एवढंच, आणि मोठं झालेलं आत घेता येतं. लहान झालं असतं तर रडायची वेळ होती. सगळे टॅक तोडायचे, पाकळ्या सुट्या करायच्या, मी खडूनं रेघ मारून देते आणि ग्राइंडरनं जादाचं कापायचं. सुलेखानं लगेच ग्राइंडर हातात घेतला. तुझी बायको तुझ्यासारखी हातपाय गाळणारी नाही.

पण कापायच्या आधी गिऱ्हाईक पुन्हा मापायचं, ही माझी रीत आहे. कालच मापलेलं का असेना. लग्नघरात बाया चार दिवसांत बदलतात. मी म्हणाले, चल, ती भिंत आधी मापू. सुलेखा म्हणाली, भिंत कशी बदलेल आत्याबाई? तरी गेलो. विहारावर चहूबाजूंनी हिरवी जाळी लावलेली. खाली काकासाहेब खुर्ची टाकून बसलेले. मी पदर खोचला आणि शिडीला हात घातला तशी त्यांची घोषणा झाली.

"ओ बाई, वर जाऊ नका! गिलावा वला हाय!"

"गिलाव्याला हात लावत नाय. माप घ्यायचंय."

"माप झालेलं हाय! तुम्ही कोण?"

"एम. हिवराळे," मी म्हणाले.

संघपाल, त्या माणसाचा आवाज बंद पडलेला मी पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला. ते उठून उभे राहिले. "साहेब..." म्हणाले, मग "बाई..." म्हणाले, मग पुन्हा खाली बसले. तोवर मी वर पोचले होते.

वर गिलावा नव्हता. जुन्या भिंतीच्या बाहेरून विटांची नवी भिंत चढवली होती, सगळीकडून फूटभर जाड. मी टेप लावला. सुलेखाला दुसऱ्या टोकाला पाठवून पुन्हा लावला. आता ती दहा फुटांची राहिली नव्हती, बारा फुटांची झाली होती.

मी वरूनच विचारलं, "काकासाहेब, भिंतीनं खाल्लं काय एवढं?"

मग हळूहळू निघालं. फायबरचे घुमट दोनच मापांत येतात, आठ फुटी आणि बारा फुटी. दहाचा मिळतच नाही. जयंतीच्या दिवशी तुझी फजिती झाली तशी काकासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी मिस्त्री लावला आणि भिंत बाराची करायला घेतली. ठराव महिनाअखेरपर्यंतचा, तोवर फायबरची तयारी उघड करता येईना, म्हणून जाळी लावली आणि गिलावा चाललाय म्हणून सांगितलं. मी खूप बोलले त्यांना. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बाई, मला वाटलं पोराला कळलं तर लई वाईट वाटंल. म्हणून गपचूप केलं." मला वाटतं, खरं बोलत होते. डोळ्यांत पाणी होतं, की गिलाव्याची धूळ गेली होती, देव जाणे. म्हणजे देव नाही, तुला कळलं.

आता तू बेरीज कर. भिंत बारा फूट. तुझा घुमट एका इंचानं कमी बारा फूट. भिंत फूटभरापेक्षा जाड आहे, आरामात टेकतो. चाळीस वर्षं मी गिऱ्हाईकाला कपडा बसवत आले. कपड्याला गिऱ्हाईक बसवलेलं हे पहिलंच.

वरच्या भोकाचंही सांगते. दोघांच्या मार्जिननं पाकळ्यांची टोकं रुंद झाली, म्हणून ते राहिलं. मी लेण्यांच्या पायथ्याशी राहते. आतल्या स्तूपांचा माथा टोकदार नाही, चपटा आहे, त्यावर चौकोनी कठडा आणि वर छत्री. तुझं भोक त्या कठड्याला बरोबर होतंय. काकासाहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, "साहेबांनी मुद्दामच ठेवलं असंल." मी हो म्हणाले. तेवढं मी तुझ्याकडून शिकले.

काकासाहेबांनी माझ्यासमोर फोन करून फायबरवाल्याला नको म्हणून सांगितलं. ठरावाप्रमाणे घुमट तीस तारखेपर्यंत बसला पाहिजे. टॅक पक्के करायला माणूस पाहिजे. मी लोखंड शिवत नाही आणि सुलेखा म्हणते, घुमट ज्याचा त्यानंच पक्का करावा. मशीन विकलेलं नाही. ते विकायला तिनं तुझं ऐकलंच नव्हतं.

मी उद्याच्या गाडीनं परत जाते, नवऱ्या मुली टाचण्या टोचून ओरडत असतील. तू आजच्या गाडीनं ये.

आत्या


चितेगाव
१४ मे

आत्या,

ड्रायव्हर खरंच समोर उभा राहिला होता. पत्र वाचून मी खोलीत गेलो, पिशवी भरली आणि त्याच्याच गाडीत बसलो. कंपनीला काही सांगितलंही नाही.

दोन दिवस मी वेल्डिंगच्या काचेतून डोकं वर काढलं नाही. तीस तारखेला हायड्रा आली. या वेळी काकासाहेबांनी माइक आणलाच नव्हता. घुमट खाली येताना मी डोळे मिटले होते. मग लोखंड विटांवर टेकल्याचा आवाज आला आणि सुलेखानं माझा दंड एवढ्या जोरात धरला की अजून वळ आहे. भिंतीची सगळीकडून बोटभर कड बाहेर राहिली, ती सिमेंटनं सारखी केली. बसला, आत्या.

परवा पौर्णिमा झाली. उद्घाटनाच्या भाषणात काकासाहेबांनी सांगितलं की विहाराच्या भिंतीचं माप आधीपासूनच बारा फूट ठरलं होतं. मला त्यांचा राग येत नाही. ते जेवायला माझ्या शेजारी बसले आणि माझ्या ताटात स्वतःच्या हातानं खीर वाढली.

वंदना सुरू झाली तेव्हा आवाज वर गेला, घुमटात फिरला आणि परत सगळ्यांच्या अंगावर आला. असं होईल हे मला ठाऊकच नव्हतं. म्हातारी माणसं म्हणता म्हणता थांबून वर बघायला लागली. मीही बघितलं. आतून चोवीस शिवणी दिसतात, सगळ्या वर त्या चपट्या माथ्याकडे जातात. मला रडू आवरेना. एवढ्या माणसांच्या डोक्यावर माझ्या हातचं छप्पर आहे, आणि मी ते भंगारात द्यायला निघालो होतो.

दौलताबादकडची एका वस्तीची माणसं आली होती, त्यांनाही घुमट पाहिजे. मी म्हणालो, या. कंपनीत आता परत जात नाही.

अजून एक सांगायचं होतं. घुमट चढवायच्या आधी मी आतून, उगवतीच्या बाजूच्या शिवणीशेजारी, वेल्डिंगच्या रॉडनं तुझं नाव लिहिलंय. "मुक्ता." खालून दिसत नाही. पण मला माहीत आहे ते तिथं आहे.

तुझा,
संघपाल

ता.क. आत्याबाई, परात परत मिळाली. – सुलेखा


फर्दापूर
२१ मे

संघपाल,

तुझं पत्र आलं तेव्हा समोर एक बाई माप द्यायला उभी होती. मी तिला बसवून ठेवलं आणि वाचलं. मग माझ्याच्यानं टेप धरवेना. तिला म्हणाले, उद्या ये, डोळ्यात काहीतरी गेलंय. ती म्हणाली, दोन्ही डोळ्यांत? हल्लीच्या बाया फार बोलतात.

नाव लिहायला तुला कोणी सांगितलं होतं? विचारायचं तरी. पूर्ण लिहायचं होतंस, मुक्ताबाई, तेवढ्यासाठी रॉड कमी पडला का?

नीट ऐक. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी मशीनवर बसलेय. किती शिवलं त्याची गणती नाही. लोकांनी ते घातलं, धुतलं, विटवलं. फ्रॉकचे झबले झाले, झबल्यांची धुडकी झाली, धुडक्यांची पोतेरी. आज गावात फिरले तर माझ्या हातचं एक चिंधूक जुनं सापडणार नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कपड्याचं असंच असतं. पण काल दिवसभर मला एकच सुचत होतं. माझ्या कात्रीचं एवढं एक काम कोणी उसवणार नाही. मी गेल्यावरही ते तिथं वर असेल आणि खाली लोक बसलेले असतील.

आता हे वाचून रडत बसू नकोस. बाहेरून रंग द्यायचा राहिलाय, सुलेखा सांगत होती. आधी तो दे, लोखंड गंजतं.

आत्या